यादी नसलेलं पान

"हा मुक्कामाला आहे, की उभ्या उभ्या जाणारा?"

आमच्या बाई दिवसातून दहा वेळा तरी हे विचारायच्या, आणि विचारायच्या ते माहितीबद्दल. कीबोर्डवरचा हात उचलायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, स्क्रीनवरच्या एखाद्या रकान्यावर बोट टेकवायचं आणि माझ्याकडे बघायचं. बागायतदाराचा पत्ता? मुक्कामाला. त्याच्या बागेतल्या कलमांची संख्या? तीही मुक्कामाला. "आपला अभिप्राय कळवा" या पानावर कुणीतरी लिहिलेले चार शब्द? "ते उभ्या उभ्या आलेत रे मेल्या. त्यांना आत घ्यायचं, ज्याला भेटायला आलेत त्याच्यापर्यंत पोचवायचं आणि दार लावायचं. तू लगेच अंथरूण कशाला घालतोस?"

अंथरूण म्हणजे डेटाबेसमधलं टेबल. मी नवीन नवीन इंजिनियर होतो आणि दिसेल त्याला अंथरूण घालत होतो. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा उत्साही माणूस असेलच, त्याला आठवा म्हणजे मी तेव्हा कसा होतो ते कळेल.

दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. मारुती मंदिराजवळ एका सायकलदुरुस्तीच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. ऑफिस बाईंचं, माणसं दोनच, बाई आणि मी. पन्नाशीची बाई वेबसाइट बनवते याचं तेव्हा रत्नागिरीत भारी नवल होतं. येणारा माणूस जिना चढून आला की सरळ माझ्याशीच बोलायला लागायचा. बाई त्याचं सगळं बोलणं संपू द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "त्याला पुन्हा मलाच विचारावं लागेल. त्यापेक्षा तुम्हीच मला परत सांगा." बिचारा पहिल्यापासून सुरुवात करायचा. मला वाटतं, त्यात त्यांना थोडी मजाही यायची.

दुपारी वीज जायची. ती वेळ ठरलेली असल्यामुळे बाई डबाही त्याच वेळी उघडायच्या. आंबोळी, नाहीतर भात आणि कुळथाचं पिठलं. जेवताना कामाचं बोलायचं नाही असा त्यांचाच नियम होता आणि तो मोडायच्याही त्याच. एकदा फणसाची भाजी वाढता वाढता म्हणाल्या, "तू काल केलंस ना ते, माणसाची जन्मतारीख मागितलीस. त्याला छत्री विकायची होती ना आपल्याला?"

याआधी बाई अठरा वर्षं एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसत होत्या. ती नोकरी सोडून चाळिशी उलटल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला. का सोडली ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, "अक्षर वाईट होतं." त्यांचं अक्षर तर मोत्यासारखं होतं.

आमच्याकडची एक रीत तुम्हाला माहीतच असेल. नुसतं नाव सांगून आमच्याकडे माणूस सुटत नाही. "कुठची गो तू?" असं विचारलं जातं. गाव सांगितलं की "वाडी कुठली?" वाडी सांगितली की पुढचं समोरचाच बोलतो, "म्हणजे त्या वळणावरच्या रातांब्याच्या घरातली!" तीन प्रश्नांत माणूस थेट घराच्या पडवीत नेऊन बसवला जातो. एरवी यात माया असते. पण प्रत्येक वेळी मायाच असते असं नाही.

म्हणून त्या कामाची गोष्ट सांगायला हवी. गावातल्या एका संस्थेनं एक चांगली कल्पना काढली होती. बायकांना दवाखान्यात येऊन जे विचारता येत नाही ते वेबसाइटच्या एका पानावर लिहायचं, आणि संस्थेच्या डॉक्टरबाई त्यांना स्वतः फोन करून उत्तर देणार. कॉलेजच्या मुली, बँकेत, पोस्टात काम करणाऱ्या बायका सायबर कॅफेतून लिहू शकल्या असत्या. काम आमच्याकडे आलं. संस्थेचे कार्यवाह हे आंब्याचे बागायतदार, स्वभावानं वाईट नाहीत, पण प्रत्येक गोष्टीचा कागद हवा असणारे. त्यांनी रकाने सांगितले: नाव, गाव, वाडी, मोबाईल, प्रश्न.

"वाडी कशाला?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टरांना कळायला नको, कुठल्या केंद्रात बोलवायचं ते?"

बाईंनी थोडा विचार केला. "बरं, वाडी ठेवते. पण मग बाकी काही ठेवणार नाही."

त्यांना काय म्हणायचंय ते कार्यवाहांना त्या दिवशी कळलं नाही. मलाही नाही.

मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, मी सवयीनं टेबल करायला घेतलं तेव्हा. बाईंनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. "ह्याला टेबल नाही."

इथे धंद्यातलं थोडं सांगतो, थोडंच. आम्ही जे वेब फ्रेमवर्क वापरत होतो त्यात प्रत्येक वस्तूचं एक मॉडेल करायचं असतं. ती वस्तू काय आहे, तिचे नियम काय, हे सगळं मॉडेलला ठाऊक असतं. मोबाईल दहाच आकडी हवा, नाव रिकामं चालणार नाही, ही राखण तेच करतं. आणि फ्रेमवर्कची ठाम समजूत अशी की मॉडेल आहे म्हणजे त्याच नावाचं टेबल असणारच. ते न विचारता टेबल शोधायला जातं, आणि नाही सापडलं की हातपाय पसरून बसतं. बाईंना राखण हवी होती आणि साठवण नको होती. आज हे कुणी सहज करतं. तेव्हा त्याची सोय नव्हती.

"बाई, टेबल करून टाकू ना. पाच मिनिटांचं काम आहे. रोज रिकामं करू हवं तर."

"रोज कोण करणार? तू? तू स्वतःचा डबा धूत नाहीस." आणि मग म्हणाल्या, "जे ठेवलंय ते कुणीतरी कधीतरी वाचतंच. कुलूप लावलं तरी किल्लीवाला वाचतो."

त्या दिवशी वीज गेल्यावर, डबे पुढ्यात असताना, त्यांनी नोकरी का सोडली ते सांगितलं. खिडकीत एक लांबलचक रजिस्टर उघडं असायचं. नाव, गाव, वाडी, कुठल्या डॉक्टरांकडे. रांगेतला माणूस खिडकीशी वाकला की त्याला ते उलटं दिसायचं. एका मुलीचं नाव छातीच्या डॉक्टरांपुढे लिहिलेलं होतं. मागे उभ्या असलेल्या तिच्याच वाडीतल्या कुणीतरी ते वाचलं आणि तिला क्षय झालाय असं पसरलं. पंधरा दिवसांत तिचं ठरलेलं लग्न मोडलं.

"तिला नुसता खोकला होता रे," बाई म्हणाल्या. "औषधानं आठवड्यात बरी झाली. पण ते नाव मी लिहिलं होतं. छान, सुवाच्य. लांबूनही वाचता यावं असं."

मग त्यांनी डबा बंद केला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि मी टेबलाचं नाव पुन्हा काढलं नाही.

चार दिवस आम्ही त्या फ्रेमवर्कशी भांडलो. शेवटी बाईंनीच युक्ती काढली. मॉडेल जेव्हा विचारतं, "माझ्या टेबलात रकाने कोणते?" तेव्हा त्याला डेटाबेसकडे जाऊच द्यायचं नाही. आपणच हातानं लिहिलेली रकान्यांची नावं त्याच्या हातात ठेवायची. ते खूष होतं, नियम तपासतं, आपलं काम करतं. फक्त "जतन कर" असं त्याला कधीही म्हणायचं नाही, नुसतं "बरोबर आहे का?" एवढंच विचारायचं. बरोबर असेल तर मजकूर डॉक्टरबाईंच्या मेलमध्ये पाठवायचा, आणि संपलं. त्याही फोन करून झाला की मेल पुसत. ते पान पहिल्यांदा नीट चाललं तेव्हा बाईंनी टेबलावर थाप मारली. "शिंचं ऐकलं एकदाचं!"

कार्यवाह बघायला आले. त्यांनी स्वतःचंच नाव घातलं, मोबाईलचे नऊच आकडे लिहिले, आणि पानानं लाल अक्षरांत सांगितलं की क्रमांक दहा आकडी हवा. ते फारच खूष झाले. पुन्हा मुद्दाम आठ आकडे घालून बघितले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "वा! आता हे सगळं साठलं कुठं ते दाखवा."

"कुठंच नाही."

"म्हणजे?"

"डॉक्टरांना गेलं. आपल्याकडे काही नाही."

एवढं मोठं यंत्र, आणि आत काहीच नाही? त्यांचा चेहरा आंब्याची पेटी उघडून आत नुसता पेंढा निघावा तसा झाला. पण डॉक्टरबाईंनी बाईंची बाजू घेतली आणि पान सुरू झालं.

चाललंही. डॉक्टरबाई कधीमधी फोन करायच्या, "आज खेडहून एक आलं, आज अंजनवेलहून." त्याहून जास्त त्या सांगायच्या नाहीत आणि बाई विचारायच्या नाहीत. फोन ठेवल्यावर मात्र त्या दिवसभर गुणगुणत असायच्या.

सातआठ महिन्यांनी कार्यवाह पुन्हा जिना चढून आले. आधी अहवालाचं निमित्त काढलं, किती गावं, कोणती गावं. मग आवाज उतरवून खरं बोलले. त्यांच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा मुंबईला, सून इथे सासू-सासऱ्यांजवळ. तिनं या पानावर काहीतरी लिहिलंय असा सासऱ्यांना संशय होता. "घरातली गोष्ट बाहेर गेली की माणसाला वाटणारच ना, बाई? तिचं नाव आहे का नाही, एवढंच बघून सांगा."

बाईंनी चष्मा काढला. "साहेब, असती तरी दिली नसती. पण यादीच नाही. नाही ते मी कुठून आणू?"

ते जिना उतरून गेले आणि बाईंनी मला आल्याचा चहा करायला लावला. इतक्या खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. खिडकीतल्या त्या उघड्या रजिस्टरचं पान जणू त्यांनी आज मिटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी डॉक्टरबाईंचा निरोप आला की दोन दिवस एकही मेल आलेला नाही. बाई बँकेत गेल्या होत्या. मी सर्व्हर उघडला आणि काय बिघडलं ते बघायला लॉगची फाईल उघडली. लॉग म्हणजे फ्रेमवर्क स्वतःच स्वतःची रोजनिशी लिहितं ती. आमच्या ऑफिसातल्या मशीनवर काम करताना ती दिवसभर आमच्या डोळ्यांसमोरून धावत असायची. इतकी रोजची, की आम्ही दोघंही ती बघायचो आणि आम्हाला ती दिसायची नाही.

त्या रोजनिशीत प्रत्येक पानावर कुणी काय भरलं ते अक्षरशः लिहिलेलं होतं. नाव, गाव, वाडी, मोबाईल, प्रश्न. पहिल्या दिवसापासून. आम्ही टेबल टाळलं होतं आणि फ्रेमवर्क आपलं शेजारी बसून सगळं टिपून घेत होतं. ते रकाने रोजनिशीत लिहू नको, असं त्याला एका ओळीत सांगता आलं असतं. चार दिवस खपून आम्ही अवघड ते केलं, आणि ती सोपी ओळ राहून गेली.

हे माझ्या लक्षात येईपर्यंत माझी एक नोंद वाचून झाली होती. गाव माझंच होतं. वाडी आमच्या वरची. आणि आमच्या रीतीप्रमाणे मी क्षणात त्या घराच्या पडवीत जाऊन पोचलो होतो. नवरा मुंबईला, घरात सासू-सासरे. कार्यवाह जिच्याबद्दल विचारत होते ती हीच, यात शंकाच नव्हती. आणि तिनं काय विचारलंय तेही मी वाचलं होतं.

बाई आल्यावर मी त्यांना स्क्रीन दाखवली नाही, तोंडानं सांगितलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. पायातली चप्पलही काढली नाही.

"किती दिवसांचं?"

"सगळं."

"वाचलंस?"

"एक. चुकून. बाई, ती..."

"नाव सांगू नकोस!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की खालच्या सायकलवाल्यानं वर डोकावून बघितलं. मग खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाकीचं मी पुसते. हे एक तुझ्याजवळ राहिलं. ते तुला पुसता येणार नाही, तर नीट सांभाळ."

आधी त्यांनी रोजनिशीला आवरणारी ती एक ओळ लिहिली. मग सर्व्हरवरची लॉगची फाईल स्वतः पुसली, आतला मजकूर उघडून न बघता. मग कपाट उघडलं. दर आठवड्याला आम्ही सगळ्या कामाची एक सीडी करून ठेवत होतो, आणि प्रत्येक सीडीत ती रोजनिशी होतीच. खालून हातोडी मागवली आणि बाई जिन्याच्या जांभ्याच्या पायरीवर बसून एकेक सीडी फडक्यात गुंडाळून फोडत राहिल्या. आमची बाकीची कामंही त्या सीडींमध्ये होती. ती मला पुढे महिनाभर जुळवत बसावं लागलं. मेल का जात नव्हते ते शोधायलाही मग दुपार झाली.

"झालं एकदाचं," मी म्हटलं.

"अजून कुठे? कार्यवाहांना सांगायचंय."

मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. कुणाला काही कळलेलं नाही, कळण्याचं कारण नाही. मी परोपरीनं समजावलं. बाई पदर खोचत म्हणाल्या, "काल मी त्यांना यादी नाही म्हणाले. होती. माझ्या तोंडून खोटं गेलं."

"पण तुम्हाला माहीत नव्हतं!"

"त्या मुलीचं नाव लिहिलं तेव्हाही मला माहीत नव्हतं, मागे कोण उभं आहे ते."

त्यांच्याबरोबर मी गेलो. कार्यवाह बागेतून नुकतेच आले होते, पायरीवर पाय धूत होते. बाई बसल्याही नाहीत.

"साहेब, काल मी तुम्हाला यादी नाही म्हणाले ते चूक होतं. होती. माझ्याच निष्काळजीपणानं जमली होती. आज सकाळी कळलं, आणि मी ती पुसली."

त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग तांब्या खाली आपटला. "म्हणजे काल होती आणि आज नाही? पुसायच्या आधी मला विचारायचंत तरी! संस्थेची माहिती तुम्ही पुसलीत!"

"संस्थेची नव्हती ती. ज्यांनी लिहिली त्यांची होती."

"हे तुम्ही ठरवणार?"

"आज मीच ठरवलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. पिशवी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

काम त्याच दिवशी काढून घेतलं गेलं. कार्यवाहांच्या ओळखीतली आणखी दोन कामंही पंधरवड्यात गेली. गावभर बोभाटा झाला की त्या कॉम्प्युटरवाल्या बाईनं संस्थेची नावं पुसून टाकली. कुणी वेडी म्हणालं, कुणी आगाऊ. नवीन लोकांनी त्या पानाचं टेबल करून दिलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी कार्यवाहांना सांगितलं की यादी राहणार असेल तर मी राहणार नाही. महिन्याभरात पानच बंद झालं. बाईंना त्याचं फार वाईट वाटलं. आपल्या त्या राहून गेलेल्या एका ओळीमुळे बायकांची एक वाट बुजली, असं त्या म्हणायच्या.

ऑफिस वर्षभर कसंबसं चाललं. मग त्यांनीच मला पुण्याला एका ठिकाणी चिकटवून दिलं आणि कुलूप लावलं. त्या घरीच कॉम्प्युटर शिकवू लागल्या. मी फोन करायचो. दर वेळी त्या कामाचं विचारायच्या, कुठलं नवीन व्हर्जन आलं, त्यात काय सोपं झालं. टेबलाशिवाय मॉडेल करायची आता सरळ सोय आली आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या फोनवर खूप हसल्या. म्हणाल्या, "उशीर केला मेल्यांनी."

बाई गेल्याचं मला पुण्याला कळलं. तिसऱ्या दिवशी मी रत्नागिरीला त्यांच्या घरी पोचलो. पडवीत सतरंजी घातलेली होती. नातेवाईक, त्यांच्याकडे शिकलेल्या मुली, सगळे एका बाजूला. कोपऱ्यात एकटीच एक बाई बसली होती, आणि मी तिला ओळखलं. आमच्या वरच्या वाडीतली, त्या नोंदीतली. गावी जाता-येता मी तिला लांबून पाहिलेलं होतं. ती इथं कशी, ते मला तिला विचारता येत नव्हतं.

थोड्या वेळानं तीच सरकून जवळ आली. "तुम्ही ह्यांच्याकडे कामाला होतात ना?"

"हो."

"मी कधी भेटले नव्हते त्यांना. येईन येईन म्हणता राहून गेलं." ती सतरंजीच्या दशा बोटाला गुंडाळत होती. "त्या यादीचं तेव्हा गावात झालं होतं ना, ते ऐकलं होतं मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही असाल ना तेव्हा तिथं. तुमच्या बघण्यात..."

बाईंनी तिला खरं सांगितलं असतं. समोर उभं राहून, पिशवी दोन्ही हातांनी धरून सांगितलं असतं. माझ्यात ते नव्हतं.

"छे हो," मी म्हटलं. "मी नुसते पानांचे रंग करायचो. आत काय येतं ते बाईंनी मला कधी बघूच दिलं नाही."

तिनं बोटावरची दशा सोडली. आतून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तिनं भांडं भरलं आणि आधी माझ्यापुढे केलं.